पाहुण्यासाठी, मनामा

ऑगस्टात येऊ नका. आलातच तर
पहाटे साडेपाचला निघा, आठला खोलीत परता,
मधे जे दिसेल तेवढंच शहर समजा.

टॅक्सीवाल्याला सांगा, बाब अल बहरीन.
बाब म्हणजे दरवाजा.
पांढरी कमान, कमानीपुढे रस्ता,
रस्त्यापुढे बँका, बँकांपुढे पुन्हा रस्ता.
तुम्ही विचाराल, दरवाजा कशाचा?
समुद्राचा. समोरच पाणी होतं.
होड्या लागायच्या त्या बाजूला आता
एक मशीन उभं राहून गाडीमागे पैसे मागतं.
समुद्र कुठे गेला ते नंतर सांगतो.
आधी बाजार बघा.

कापड, घड्याळं, वेलची,
आणि सुकलेली काळी लिंबं, गोट्यांसारखी,
कानाशी हलवली तर आत बी वाजतं.
एका बोळात अचानक झेंडू आणि घंटा.
थट्ट्याहून आलेल्या भाटियांचं देऊळ;
ते आपल्या कितीतरी आधी आले, आणि राहिले.
कुणी कॉफी दिली तर घ्या. कप अंगठ्याएवढा.
रिकामा दिसला की भरणार, पुन्हा रिकामा, पुन्हा भरणार.
पुरे असेल तर बोलू नका, कप हलवा,
असा, मनगटातून.
मला हे कळायला चार महिने लागले.
झोप उडाली ती वेगळीच.

मासळीबाजार चुकवू नका.
माझी आत्या आली होती, चांगुणा, रेवदंड्याची,
आयुष्यभर डोक्यावर पाटी.
तिनं हमूरचा कल्ला बोटानं उचलला,
विकणाऱ्या बंगाली पोराकडे बघितलं,
म्हणाली, "कालचा हाय ह्यो."
पोरगा लाजून हसला
आणि बर्फाखालून दुसरा काढला.

मग पूल ओलांडून मुहर्रक.
वाट दाखवायला मोत्यासारखे पांढरे गोल दिवे आहेत,
त्यांच्यामागे चालत राहा.
आत्याच्या नथीत तीन बसरा मोती.
मी म्हटलं, आत्या, हे बसऱ्याचे नव्हेत,
तिथं फार तर विकले गेले असतील.
हे इथले. समोरच्या तळातले.
माणूस नाकाला चाप लावायचा, पायाला दगड,
वर होडीत एकजण दोरी धरून बसायचा.
ती थांबली. "नाक दाबलं का तोंड उघडतं," म्हणाली,
"पन हितं नाक येकाचं, तोंड शिंपल्याचं."
मग विचारलं, "दोरीवाला वलखीचा असायचा का?"
ते कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नव्हतं.

पाणबुडे तहानले तर म्हणे
चामड्याची पिशवी घेऊन खालीच जायचे.
तळाशी गोड्या पाण्याचे झरे होते,
खाऱ्याच्या पोटात गोडं.
म्हणून बहरीन, दोन समुद्र.
झरे बरेचसे आटले.

आता ते राहिलेलं.
समुद्र आम्ही बुजवला.
मी ड्रेजरवर होतो, एकोणीस वर्षं.
जहाज तळाची वाळू ओढायचं
आणि लांब नळीतून किनाऱ्यावर ओकायचं,
दिवसरात्र, ईदला सुद्धा.
तुमचं हॉटेल असेल तिथं
बांबूकाठ्यांचं मासे धरायचं कुंपण होतं,
भरतीला मासा आत यायचा, ओहोटीला अडकायचा.
मी बापाला कधी सांगितलं नाही.
विचारलं तर म्हणायचो, बोटीवर आहे. खोटं नव्हतं.

आत्याला सांगितलं. त्याच बोळात, उन्हात.
ती काहीच बोलली नाही.
जुन्या घराची भिंत होती, समुद्रातल्या दगडाची,
प्रवाळाची, भोकाभोकांची.
तिनं त्या भिंतीवर हात फिरवला,
बोट जिभेला लावलं,
आणि ते बोट माझ्यासमोर धरलं.
मीही चाखलं.

हे तुम्ही केलंच पाहिजे असं नाही.
भिंतींना हात लावू नये अशी सूचना आहे.
कोपऱ्यावर हलवा मिळतो, केशराचा, गरम असतानाच घ्या.
परतीचा पूल संध्याकाळी तुंबतो,
चारच्या आत निघा.
पाणी जवळ ठेवा.