जप्ती

खजुरी बाजारात सव्वा रुपयाला घेतलेलं कॉमिक
दुसऱ्याच तासाला डिंगणकर मास्तरांनी ओढून नेलं.
मी अकराव्या पानावर होतो.
विहिरीत दोराचा एकच पीळ उरलेला.

परवा, शेहेचाळीस वर्षांनी,
मास्तरांचा मुलगा पलासियाहून स्कूटरवर आला.
नकाशांच्या गुंडाळ्यांखाली सापडली म्हणे ही प्रत.
पिना चकचकीत, कोपरे टोकदार,
कण्यावर सुरकुती नाही.
वाचली नाही, म्हणून वाचली.

माझ्या वहीत लिलावांचे आकडे आहेत:
मार्चात अशीच एक, चहाचा डाग, अठ्ठावीस हजार.
डिसेंबरात एक्केचाळीस.
दिल्लीचा माणूस फोनवर सांगतो, उघडू नका,
उघडलंत की अर्धा गुण गेला.

प्लास्टिकमधून मुखपृष्ठ बघत बसतो.
तो पीळ अजून तुटायचाय.

आतून बायको विचारते, हात धुतलेस का?

धुतले. दोनदा.