रकाना सातवा

पंचायतीनं तीन महिन्यांच्या बोलीवर मला ठेवलं,
जीवविविधतेची नोंदवही भरायला.
वही कन्नडमध्ये छापलेली, माणसं सांगणार मराठीत,
झाडांना दोन्हींत नावं, काहींना तिसरंच,
जे मेंडगाळीच्या चार घरांबाहेर कुणाला कळत नाही.
पहिला रकाना नाव. दुसरा उपयोग. तिसरा ऋतू.
सातवा: नेमकं ठिकाण, अक्षांश-रेखांशासह.

भरमू मेदार ओसरीवर बुट्टी विणत बसलेला.
मान वर न करता म्हणाला, “काय लिवलालास?”
म्हटलं, बांबूचं तुम्हाला जे ठाऊक आहे ते.
“मग एवढी वही पुरंल व्हय?”

तरी सांगितलं. बोटांत कामटी, बोलणं मधूनमधून.
यंदाचा कोंब पाहुणा, त्याला हात लावायचा नाही.
गेल्या सालचा पोर, अंगावर अजून पांढरी भुकटी.
तिसऱ्या सालचा बेटाला धरून असतो, राहू दे.
चौथ्याला कोयत्याच्या पाठीनं ठोकायचं:
ठण्ण म्हणाला तर पिकला,
बद्द म्हणाला तर माफी मागून पुढं जायचं.
तोड अंधाऱ्या पंधरवड्यात.
चांदण्यात तोडलेल्यात भुंगा शिरतो,
मग दाणे पाखडायच्या आधी सुपाचंच पीठ.
काप गाठीला लागून;
वर पेर मोकळं ठेवलंस तर पाणी साचतं,
खालचा गड्डा कुजतो आणि डासांना फुकटची खोली.
बेटात शिरायचं एकाच अंगानं, कडेचे उभे ठेवायचे.
वारा त्यांनी खायचा असतो.

आतून गंगव्वा ओरडली, “कोंबाची भाजी सांगितली काय?”
“ते तिचं खातं,” म्हणाला.
तिनं दारात येऊन सांगितलं: भाद्रपदात उशिरा आलेले
तेवढेच खुडायचे. ते तसेही जगत नाहीत.
मी हे ऋतूच्या रकान्यात लिहिलं, मावलं नाही,
समासात उभं लिहिलं.

मग विचारलं, फुलणाऱ्या मेसचं बी कुठलं आणलं होतं?
बापानं, तुम्ही म्हणालात, उंदरांच्या आधी पोचून
धोतराच्या सोग्यात भरून आणलं होतं.
ते जुनं बेट कुठं होतं?

कामटी थांबली.
“मागं एकजण आला. तुझ्यासारखाच, वही घेऊन.
नरक्या कुठं कुठं आहे म्हणून विचारलं.
पोराटकीनं दाखवलं, कौतुकानं.
दोन पावसाळे गेले.
आता त्या ओहळाला बुंधेसुद्धा नाहीत.”
एवढं बोलून पुन्हा विणायला लागला.
मी उठलो तेव्हा मागून म्हणाला,
“उद्या ये. ते हातातलं घरी ठेवून ये.”

फोन गंगव्वाच्या पिठाच्या डब्यात राहिला.
आम्ही चाललो. भरमू पायवाट सोडून चालायचा,
आणि येताना दुसरीकडून, गवत पडू नये म्हणून.
जे पाहिलं ते इथंही लिहिणार नाही.
एका कळकाला ठोकायला त्यानं मला कोयता दिला.
बद्द वाजलं.
“कळलं?” एवढंच.

तालुक्याहून वही दोनदा परत आली.
लाल शाईत: रकाना सात अपूर्ण.
तिसऱ्या खेपेला मी लिहिलं, चांगल्या अक्षरात:
दोन पानं आणि एक बिडी संपेल एवढ्या अंतरावर.
साहेबांनी वाचलं. माप त्यांच्या आजोळचं असावं,
जरासे हसले, सही केली.

कुणाच्या दारापासून मोजायचं,
ते त्यांनी विचारलं नाही.
विचारलं असतं तर काय सांगितलं असतं,
याचा सराव मी
खानापुरापर्यंत एसटीत करत आलो होतो.