सतरावा माणूस

रोज नऊला फाटकावरचा शिपाई माझी पिशवी उघडतो:
डबा, चष्मा, टाइपरायटरची रिबीन.
रिबीन तो उन्हात धरून थोडी उलगडतो,
काळी बोटं पँटला पुसतो.
चौदा महिने झाले. अजून त्याला वाटतं
तिच्यात काहीतरी लिहिलेलं असेल.

कमांडंट व्हरांड्यात असतात.
पायजम्यावर लष्करी कोट, पायांत लोकरीचे मोजे,
मांडीवर कोंबडी.
एकेचाळीस वर्षं ज्यांनी हात वर केला की चौक गप्प व्हायचा
त्यांना ही कोंबडी जुमानत नाही.
तिचं नाव त्यांनी ‘मंत्रिमंडळ’ ठेवलंय.
हा विनोद ते रोज सांगतात, मी रोज हसते.
न हसणाऱ्यांचं पूर्वी काय व्हायचं
ते आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.
आता हसते ती सवयीनं, किंवा दयेनं;
दोन्हींची चव काजूच्या बोंडासारखी,
आधी गोड, मग घसा धरणारी.

रेडिओवर नवे अध्यक्ष बोलतात.
कमांडंट बोटांवर मोजतात, आपलं नाव किती वेळा आलं.
जानेवारीत नऊदा.
आज एकदा, तेही एका पुलाचं.
रेडिओ बंद करून म्हणतात,
“लिहा. प्रकरण तिसरं. नदी.”

आणि नदी सुरू होते.
अमावास्या, ओहोटीचा चिखल, तिवरांची मुळं,
सोळा माणसं, अकरा बंदुका, एकच होडी,
पलीकडे गोऱ्यांच्या चौकीतला कंदील.
इथवर ते कधी अडखळत नाहीत.
मग त्यांचा हात वल्ह्यासारखा हवेत फिरतो
आणि मध्येच थांबतो.
“होडी कोण वल्हवत होतं?”

मी बोटं बटणांवर ठेवून बसते.

शाळेच्या पुस्तकात ती होडी होती, पान सात.
सोळा माणसं, वर धरलेल्या बंदुका,
आणि मागच्या टोकाला एक वल्हं
जे कोणीच धरलेलं नव्हतं.
बाई सांगायच्या, क्रांतीची होडी आपली आपण चालते.
घरी ते पान उघडं दिसलं की
आई त्यावर भाताचं भांडं ठेवायची. गरम, बुडाला काजळी असलेलं.
माझ्या पुस्तकात नदीवर
एक गोल काळा डाग होता.

मामाला मी पाहिलेलं नाही.
मासे धरायचे पिंजरे विणायचा म्हणे.
स्वातंत्र्याच्या तिसऱ्या वर्षी, भर सभेत,
तांदूळ कुठे गेला, एवढंच विचारलं त्यानं.
आधी त्याला नेलं,
मग फोटोतून नेलं,
मग आईच्या तोंडातून.
ती मेली त्या रात्री एकदाच ते नाव परत आलं, तापात,
आणि मी खिडकी लावून घेतली.

“दफ्तरखान्यातून फोटो मागवला,” कमांडंट म्हणतात,
“त्यात सोळाच आहेत. मी मोजले.
पण कोणीतरी शीळ घालत होता हो, दातांतल्या दातांत.
मी म्हटलं गप, ऐकू जाईल.
गप्प बसला.”
“मग?”
“मग आम्ही पोचलो.”
कोंबडी उडून खाली उतरते, कोटावर घाण करून.
ते बघत राहतात, डाग कुणाचा आहे ते न कळल्यासारखे.
“जागा सोडा,” म्हणतात. “आठवलं की भरू.”

मी जागा सोडते.
आठ वेळा पट्टी दाबते, मोजून आठ.
आमच्या लिपीत किंतीनो लिहायला
तेवढीच अक्षरं लागतात.

दुपारी ते झोपल्यावर मी कागद काढून घेतला
आणि नुसत्या रुळावर, हळूच, ती आठ बटणं दाबली.
का, ते मला विचारू नका. सूड म्हणावा
तर आवाज फारच बारीक होता.

संध्याकाळी फाटकावर शिपायानं रिबीन उलगडली.
बराच वेळ धरून राहिला उजेडाकडे.
वाचता येतं की नाही त्याला, मी कधी विचारलं नव्हतं.
गुंडाळून परत दिली.
“उद्या?” म्हणाला.
“उद्या प्रकरण तिसरं,” मी म्हटलं.