मांडीवरचं काम

साडेनऊची मीटिंग, आणि आज नळाचा दिवस.
विडी घरकुलात पाणी पाचव्या दिवशी येतं,
कधी कधी सहाव्या.
मी कॅमेरा बंद करते, माईक बंद करते.
कानात निषाद रिलीजबद्दल बोलतोय,
हातात पाइप. पिंप, बादल्या, घागर,
शेवटी कुकरसुद्धा.
"श्रावंती, तुझं काही अडलंय?"
माईक चालू. "नाही, संध्याकाळपर्यंत होईल."
बेंगळुरूहून अदिती विचारते, तुझ्याकडे पाऊस पडतोय?
सोलापुरात. मे महिन्यात.

नऊ माणसांची कंपनी. पाटी नाही, गेट नाही, भोंगा नाही.
शेजारच्या नरसम्माला वाटतं मला नोकरीच नाही,
पोरगी दिवसभर घरात असते
म्हणून ती स्थळं आणते.

चांगलं ते चांगलं म्हणावं.
पप्पा दवाखान्यात होते तेव्हा
निषादचा मेसेज आला रात्री दोनला: लॅपटॉप मिट.
पंधरा दिवस कुणी काही विचारलं नाही,
आणि एक तारखेला पगार पूर्ण.
पप्पांना तो आकडा दाखवला, त्यांचा विश्वास बसेना.
त्यांचा एक खाडा झाला की
संध्याकाळी मागावर दुसराच माणूस उभा असायचा.

दिवाळीनंतर दोन महिने मात्र पगार अर्धा.
निषाद म्हणाला, आपण एक कुटुंब आहोत.
मार्चमधल्या एका गुरुवारी
अकरा मिनिटांत बसवराज कुटुंबातून कमी झाला.
त्याच्या नावाजवळचा हिरवा ठिपका
दुपारपर्यंत तसाच होता.
मग राखाडी.
मग नावच नाही.

बसवराज जुळे सोलापूरचा.
दोन वर्षं रोज बोललो, एका गावात राहून भेटलो नव्हतो.
त्या रविवारी भेटलो,
सात रस्त्याला, रसाच्या गाड्यावर.
मला वाटलं होतं त्याहून फार उंच निघाला,
स्क्रीनवर सगळे खांद्यापर्यंतच असतात.
काय बोलावं कळेना.
बर्फ नको म्हणाला, दात दुखायलाय.
मग म्हणाला, "तो पेमेंटचा बग परत उघडलीस का?"
"उघडला."
"एकोणतीस फेब्रुवारी बघ म्हणावं. तिथंच मरायलाय ते."
रसाचे पैसे त्यानंच दिले.
मी पर्स उघडून नुसती उभी.

आईला हे सगळं सांगितलं.
ती सूप मांडीवर घेऊन बसलेली,
चाळीस वर्षं तीही घरूनच काम करते.
पान भिजवायचं, कापायचं, चिमूटभर तंबाखू, दोरा,
हजार झाल्या की कारखान्यात.
तिथं चेकर मूठ मूठ छाट काढायचा
आणि तिच्यादेखत चुरगाळायचा.
"तुमच्यात छाट कोण काढतं?"
मी म्हटलं, मीच.
त्याचाच पगार घेते मी.
बसवराजच्या नावावर चौतीस चुका लिहिल्या होत्या,
तारीख, वेळ, फोटोसकट.
काढायच्या आधी निषादनं त्या मोजल्या का
मला माहीत नाही.
मी विचारलं नाही.

आईची बोटं थांबली नाहीत.
"आमचा चेकर कधी वर बघायचा नाही,"
ती तेलुगूत म्हणाली, "नाव माहीत होतं त्याला माझं.
तोंड नाही."

बसवराजच्या जागी आता साताऱ्याचा एक पोरगा आलाय, शार्दूल.
आज त्याची पहिली चूक सापडली. तीच ती, तारखेची.
लिहायच्या आधी मी त्याला व्हिडिओ कॉल लावला.
माझ्यामागे पाण्यानं भरलेला कुकर,
ओल्या ओढणीची टोकं.
तो दचकून ताठ बसला, केस सारखे केले.
"मॅडम, लिहून टाका ना,
फोन कशाला?"