कानामागची गाठ

भुसावळच्या मे महिन्यात काच
अल्कोहोलात पोचेपर्यंत वाळून जाते.
म्हणून शकील तडवी बरणी माझ्या कोपराशी धरून उभा राहतो,
झाकण काढलेली.
मी सुई काढते, थेंब पसरते, बुडवते.
एका दमात. मध्ये बोलायचं नाही.

भिकन धुडकू कोळी, वय सव्वीस, रावेरकडचा.
केळीचे घड ट्रकात चढवतो.
डाव्या कानामागे लिंबाएवढी गाठ, तीन वर्षं झाली,
दुखत नाही, खाजते.
घड त्याच खांद्यावर येतात,
म्हणून सगळे म्हणाले, ओझ्याची आहे.
मग कुणी म्हणालं टीबी. सहा महिने गोळ्या,
लघवी लाल, गाठ होती तिथेच.
शेवटी कुणी काहीच म्हणालं नाही,
नुसती मुंबईची चिठ्ठी लिहून दिली.

सुई टोचताना त्यानं विचारलं,
"ताई, कॅन्सर शे का?"
मी म्हटलं, मान हलवू नको.

दुपारी पडदा ओढून बसते.
भिंगाखाली आधी लिंफोसाइट,
बारके, थोराड, मधल्या वयाचे, बाजारच्या दिवसासारखे.
एकाच चेहऱ्याची गर्दी असती
तर मी घाबरले असते.
मग मधूनमधून, मग जिकडेतिकडे
अंगभर नारिंगी दाणे घेतलेल्या पेशी,
मसुरीची डाळ सांडावी तशा.
इतक्या इओसिनोफिल मी कुणाच्या मानेत पाहिल्या नव्हत्या.
आणि कडेला एक राक्षसपेशी,
तिची केंद्रकं केळीच्या फणीसारखी एकमेकांना चिकटलेली.
(ही उपमा त्याच्यामुळे सुचली.
रिपोर्टात ती जाणार नाही.)

नाव एका परीक्षेपुरतं पाठ केलेलं,
पंचवीस वर्षांत एकदाही हातानं लिहिलं नव्हतं.
किमुरा.
रजिस्टरात उतरवताना शकील थांबला:
"मॅडम, हे कुठलं आडनाव?"

मी लिहिते: किमुरा आजाराशी सुसंगत.
सुसंगत. सुईच्या टोकावर आलेल्या पेशींवरून
याहून जास्त बोलणं म्हणजे आगाऊपणा.
खाली: गाठ काढून तपासावी.
रक्तातल्या इओसिनोफिल मोजाव्यात.
लघवीतलं प्रथिन बघावं, मूत्रपिंडाकडे लक्ष ठेवावं.
शेवटच्या ओळीखाली दोनदा रेघ ओढते,
कारण ती ओळ कुणी वाचत नाही.

संध्याकाळी तो बाकावर, कानावर रुमाल.
कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत, मी म्हटलं.
"मंग काय शे?"
मी नाव सांगितलं.
"किमरा," तो म्हणाला, तालुक्यातलं गाव असावं तसं,
आणि मग: "मी घड उचलू का?"

हे पुस्तकात कुठेच नव्हतं.
दुसऱ्या खांद्यावर, मी म्हटलं.
बायोप्सीपर्यंत.