टप

गाडीचं नाव हेराल्ड, साल सदुसष्ट.
आरसी बुकात रंग क्रीम लिहिलाय;
उद्यमनगरात आली तेव्हा ती कुठल्याच रंगाची नव्हती.
भंगाराच्या भावानं घेतली, वजनावर,
आणि घरी सांगितलं, गिऱ्हाइकाची आहे.
अकरा वर्षं झाली,
ते गिऱ्हाईक काही न्यायला आलं नाही.

सोमवारी लेथ गप्प असतो.
समोरच्या फौंड्रीची भट्टी थंड, कुत्री तिच्या राखेत.
मग दस्तगीर येतो, मशीनवर फडकं टाकून.
निम्म्या शाहूपुरीच्या रिक्षांचे हूड त्यानं शिवलेत.
पिस्टनच्या खोक्याचा पुठ्ठा उलटा करायचा
आणि कोकण काढायचं.
घाट तो काढतो, झिगझॅग टाक्यासारखा.
समुद्र माझ्याकडं:
जॉबवर मार्किंगला लावतो त्या निळीचं बोट
वरपासून खालपर्यंत ओढलं की झाला.

कळे, साळवण, असळज.
गगनबावड्यात पाणी, आधी गाडीला, मग आपल्याला.
करूळ उतरायचा दुसऱ्या गिअरात,
ब्रेकवर फार भरवसा नको,
ब्रेक मीच केलेत.
पुढं विजयदुर्ग, पडेल, देवगड, कुणकेश्वर, आचरा,
मालवणात मुक्काम, भडंग संपेपर्यंत.

इथं दस्तगीरनं पेन्सिल खाली ठेवली.
"दक्षिणेला निघालो तर समुद्र उजवीकडं.
म्हणजे सगळा तुझ्या बाजूला, तू चालवणार.
मी काय डावीकडं बसून
काजूची झाडं मोजू?"
खरं होतं.
पुठ्ठा पालटला. आजरा, आंबोली, वेंगुर्ला, तिथून वर.
पण मग परतीला करूळ चढायचा.
ही चढंल?
या एका प्रश्नात दोन वर्षं गेली.

टप तीनदा शिवला.
पहिला आक्रसला. दुसरा उंदरांनी नेला.
तिसरा चांगला झाला, इतका की
दोघंही त्याच्याकडं बघायचं टाळतो.
सांगाडा मात्र निम्मा उघडतो आणि थांबतो,
आळस देता देता कुणी हाक मारावी तसा.
बिजागरीच्या सात पिना मी नव्या ओढल्या.

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी
त्यानं सुई माझ्यापुढं धरली. दोरा पण.
मी ओवून दिला.
पुढच्या सोमवारी परत.
सांगलीच्या डॉक्टरनं मोतीबिंदू नाही म्हटलं,
दुसरं काहीतरी म्हटलं, ज्याचं ऑपरेशन नसतं.
आम्ही त्यावर बोललो नाही.
डावी बाजू, उजवी बाजू
यावर भांडायचं मात्र थांबलं.

काल मालन डबा घेऊन आली,
ठेवून जायची ती गेली नाही.
मागच्या सीटवर बसली, चपला खाली काढून.
पुठ्ठा मागितला. पालथा, सुलटा करून बघितला.
"कितीला पोचताय समुद्राला?"
सकाळी धाला, मी म्हणालो, उजेड छान असतो.
"चारला पोचा. अंधारात."
अंधारात दिसणार काय?
"बघायला काय, काचेतनं बी दिसतंय.
एस्टीतनं मी बघितलाय की चारदा.
टप कशापायी काढायलाय मग?
वारं, वास, तो गरजणारा आवाज,
त्याला छप्पर नको म्हणूनच न्हवं?"

दस्तगीर हसला. बऱ्याच दिवसांनी, खोकला येईपर्यंत.
"वहिनी, तुम्ही पुढं बसा. मी मागं.
मागं दोन्ही कान मोकळे राहतात."
म्हणजे रात्री अकराला निघायचं.
हेडलाइटचं वायरिंग आलं, डायनॅमो आला,
अकरा वर्षांत आम्ही दिवे धरलेच नव्हते.
मालननं निळीचं बोट पदराला पुसलं
आणि डबा न उघडताच उठली.
"त्या गिऱ्हाइकाला सांगा," दारातनं म्हणाली,
"संक्रांतीपर्यंत गाडी मिळंल म्हणून."

आठवी पिन राहिलीय, उजवीकडची.
आज सोमवार नाही तरी तो आलाय.
पिन बोटांत फिरवतो, डोळे दुसरीकडंच,
फौंड्रीच्या पत्र्यावर कुठंतरी.
"अजून केसभर," म्हणतो.
मी केसभर काढतो.