हाताने कुस्करलेलं भरीत

पावतीपुस्तकं दोन, पानं शंभर-शंभर.
एका ताटाचे एकशे वीस: भरीत, कळण्याची भाकरी,
कांद्याची पात, तळलेली मिरची मागाल तेवढी.
हिशोब माझ्याकडे, कारण पतपेढीत तीस वर्षं
मी दुसऱ्यांचेच पैसे मोजले.

वांगी बामणोदची, नेहतेबाईंच्या मळ्यातली,
हिरवी, लांबट, तान्ह्या पोराएवढी जड.
"साठ किलो देते," बाई म्हणाल्या,
"पण मले स्टेजवर बसवू नका."
स्टेज नव्हतंच. फैजपूरच्या बाहेर केळीच्या बागेला लागून
एक रिकामं खळं, एक कडुलिंब,
आणि पुंडलिक फेगडेचा मंडप,
ज्याच्या झालरीवर अजून कुणाचं तरी शुभविवाह होतं.

त्याआधी आठ दिवस दारोदार.
देवळासाठी म्हटलं की हात आपोआप खिशात जातो.
कोठडीत मारलेल्या माणसांच्या उपचारासाठी म्हटलं
की दुकानात फक्त पंख्याचा आवाज उरतो.
खतवाला म्हणाला, "काही केलं असंल ना त्यानं?"
नेहतेबाई त्याच्याच गोणीवर टेकल्या.
"भो, मी इचारलं नाही. तू बी नको इचारू.
तळपाय त्याचेबी तुझ्यासारखेच,
चपलीच्या आत."
त्याने तीन ताटांची पावती फाडली.
जेवायला मात्र आला नाही.

रेमसिंग पावरा येईल असं कुणी धरलं नव्हतं.
सातपुड्याच्या पायथ्याहून, सकाळच्या बसने,
बायकोच्या खांद्यावर हात ठेवून आला.
"माझ्यासाठी चाललंय, तर मी घरी बसून काय करू?"
कडुलिंबाखाली लसूण सोलायला बसला.
बोटं हळू चालायची, पण एक पाकळी तुटली नाही.

तुराट्यांच्या जाळात वांगी काळी झाली, साली निघाल्या.
फेगडेने आजोबांची लाकडी बडजी मांडली.
दोन पोरं, दोन दांडे.
धप्. धप्. धप्.
आम्हाला हा आवाज थंडीचा, मळ्यातल्या पंगतीचा.
तोंडाला पाणी सुटतं.

रेमसिंग काही बोलला नाही.
पाय पोटाशी ओढले,
तळव्यांवर गमछा टाकला.
ओठ हलत होते, प्रत्येक धप् ला एकदा.
मला वाटलं, देवाचं नाव घेतोय.

मी मोजणारा माणूस. मला कळायला हवं होतं.
कळलं ते रजिया तडवीला, दवाखान्यातल्या नर्सला.
भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी धावली
आणि दांडा वरच्या वर धरला.

कुणी कुणाला काही समजावलं नाही.
नेहतेबाईंनी बांगड्या कोपरापर्यंत सारल्या,
वाफाळत्या वांग्यात दोन्ही हात घातले,
"गार पाणी ठेवा बाजूला," एवढंच म्हणाल्या.
मग फेगडे. मग ती दोन पोरं, फुंकर घालत, ओरडत.
मग रेमसिंगची बायको.
साठ किलो.
रात्री कुणीतरी म्हणालं, "यंदा गुठळ्या लागतायत."
"लागतायत," रजिया म्हणाली, आणि आणखी वाढलं.

साडेआठला एक जण आला, साधा शर्ट, पण केस शिपायाचे.
चार ताटं बांधून घेतली. नाव विचारलं तर, राहू द्या.
मी लिहिलं: एक गृहस्थ. चारशे ऐंशी, रोख.

ताटं एकशे सत्त्याऐंशी. खर्च जाता
शिल्लक अठरा हजार सहाशे दहा.
माणसं पाच. पायांच्या व्यायामाचे एका खेपेला चारशे.
नाशिकहून बोलायला येणाऱ्या बाईंचं बसभाडं वेगळं.
भागाकार केला. पुन्हा केला.
मार्चपर्यंत पुरेल. कदाचित.

निघताना रेमसिंग चटईपाशी थांबला.
मला वाटलं, रक्कम विचारेल.
"तिथं थांबवायला कोणी नव्हतं," तो म्हणाला.
"आज एकोणीसला थांबलं."

एकोणीस. जमेच्या बाजूला बसत नाही,
खर्चाच्याही नाही.
वहीच्या शेवटच्या पानावर
पेन्सिलने लिहून ठेवलाय.